कापसाच्या खोलीचं कुलूप

१

कुलूप उघडलं ते चतुराबाईंनीच. किल्ली त्यांच्या कनवटीला होती, नेहमीसारखी. दिवाळी उलटून गेली होती, घरचा कापूस न्यायला टेम्पो दारात येऊन थांबला होता. खरं तर त्या दिवशी कापूस विकायचं कुणाच्याच मनात नव्हतं. सात वर्षांची नात, प्रियदर्शनी, शनिवार दुपारपासून सापडत नव्हती आणि आज सोमवार होता. लेहाखेडीतल्या चार विहिरींत गळ टाकून झाले होते. पण टेम्पो आधीच ठरलेला, चतुराबाईंचा नवरा, म्हातारा रामकिसन, म्हणाला, "भरून जाऊ द्या एकदाचा." आणि दोन माणसं आत शिरून कापूस उपसू लागली.

खोलीचा निम्मा कापूस निघाला असेल. भिंतीच्या कडेला एका माणसाचा हात थांबला. पांढऱ्या कापसातून लाल फ्रॉकची किनार बाहेर आली होती.

चतुराबाईंच्या हातातली किल्ली खाली पडली. ती त्यांनी पुन्हा कधी कनवटीला लावली नाही.

पोलिसांनी लिहिलं ते एवढंच: मुलगी गुदमरून मेली. कपाळावर मार. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली घरात. खोलीला खिडकी नाही. गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध. पुढं तीन अधिकारी बदलले, घरातल्या प्रत्येकाला आठ-दहा वेळा बसवून विचारलं गेलं, आणि हळूहळू ती फाइल कुठल्याशा कपाटात तळाला गेली.

गावानं मात्र फाइल बंद केली नाही.

२

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. पिंपळगाव रेणुकाईला सत्यशीलाबाई आपल्या घराच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, तेव्हा धावड्याहून आलेल्या जीपमधून एक बाई उतरली. अंगावरची साडी चांगली धुतलेली, पण पदर असा घट्ट ओढून घेतलेला, जणू कुणी तोंड पाहू नये. बाईंनी चष्मा वर केला.

"दैवशाला?"

"व्हय बाई."

सत्यशीलाबाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. नोकरीतली अकरा वर्षं त्यांनी लेहाखेडीच्या जिल्हा परिषद शाळेत काढली होती. प्रियदर्शनी त्यांच्याच दुसरीच्या वर्गात होती आणि दैवशाला तिची आई.

दैवशालानं पाणीसुद्धा घेतलं नाही. मोबाईल काढून पुढं धरला. पडद्यावर एक तरुण बोटं नाचवत बोलत होता. मागं लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कापसात कुणी गाडली? घरातलंच कुणी?'

"हा तर बबलू," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताखालून गेलेला. जाफराबादला मोबाईलचं दुकान आहे ना त्याचं?"

"दुकान हाय, अन् आता हे बी. तीन भाग टाकले त्यानं. लाखावर लोकांनी पाह्यलं." दैवशालाचा आवाज कोरडा होता. "धावड्याच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून माझं नाव लागलं बाई. मार्कांवर लागलं, कुणाच्या वशिल्यानं न्हाई. आता लोक म्हणून राह्यले, हिच्या हातची खिचडी लेकरांना द्यायची का? परवा गुरुवारी ग्रामसभा हाय."

"आणि नवरा? पप्पू काय म्हणतो?"

दैवशालानं खाली पाहिलं. "बाळंतपणाला म्हणून माहेरी आल्ते. मंग त्यांनी नेलं बी न्हाई, अन् मी बी गेले न्हाई. दोघांच्या बी मनात आलंच व्हतं बाई, की दुसऱ्यानं तर न्हाई ना केलं. बाहेरचे रोज तेच म्हणायलेत म्हणल्यावर कुठवर टिकतं माणूस? कावेरी आता सहा वर्षांची झाली. बापाला बघितलेलं न्हाई तिनं."

तिनं मोबाईल बंद करून पदरात गुंडाळला.

"तुम्ही शिकवलं तिला," दैवशाला म्हणाली. "तुम्ही तरी सांगा. मी मारीन का तिला?"

सत्यशीलाबाईंना चटकन 'नाही' म्हणता आलं नाही. सात वर्षांपूर्वी शाळेत, मधल्या सुट्टीत, इतर शिक्षकांसोबत त्यांनीही एकदा म्हटलं होतं, 'किल्ली तर घरातच होती ना.' ते वाक्य त्यांना आत्ता आठवलं. मान खाली घालून त्या तुरीतला खडा शोधत राहिल्या आणि मग एकदम उठल्या.

"चल, आधी जाफराबादला जाऊ," त्या म्हणाल्या. "पोराला काही विचारायचंय."

३

बबलूनं बाईंना पाहिलं आणि तो खुर्चीतून उभाच राहिला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना त्यानं घाईनं वाटेला लावलं. दैवशाला दाराशीच थांबली. तिच्याकडं पाहायची त्याची छाती झाली नाही.

"बाई, मी कुणाचं वाईट नाही चिंतलं. सत्य बाहेर यावं एवढंच."

"बरं. मग तुझं सत्य सांग. मी वर्गात विचारायचे तसं, कारणासहित."

बबलू बोटांवर मोजू लागला. एक, खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली आजीकडं. दोन, सकाळी मुलगी गणवेशात शाळेला गेली. पण सापडली ती लाल फ्रॉकमध्ये. म्हणजे शाळेच्या वेळात कुणीतरी तिला घरी आणून कपडे बदलले, आणि ते आईशिवाय कोण करणार? तीन, कपाळावर मार.

"तो वार कोणता होता?"

"मार म्हणजे वार—"

"दुसऱ्यापासून घेऊ. दिवस कोणता होता तो?"

बबलू थांबला. "तारीख सतरा होती."

"वार विचारतेय बबल्या. शनिवार होता. शनिवारी शाळा सकाळची. अकराला मी स्वतः घंटा दिली. पोरगी घरी आली, आईनं गणवेश काढून फ्रॉक घातला, जेवू घातलं आणि रानात गेली. तीन भाग केलेस, लाख लोकांना दाखवलंस, आणि कॅलेंडर पाहायला तुला वेळ मिळाला नाही?"

बबलूचं तोंड उतरलं. पण पोरगा बेरड होता. "बाई, एक चुकलं असंल. पण कुलूप? ते तर खोटं नाही ना?" कोर्टातून मिळवलेल्या कागदांची झेरॉक्स त्यानं खणातून काढली. पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, आणि फोटो. "बघा, खोलीला एक दार. खिडकी नाही. वर माळवदाला साणं आहे, पण ते पत्र्यानं झाकलेलं, वर दगड. आतल्या माणसाला तो उचलणार नाही. म्हणजे जाणारा दारातूनच गेला, आणि बाहेरून कुलूप लावून गेला."

सत्यशीलाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. जुन्या घरांच्या मातीच्या सपाट छताला, माळवदाला, उजेड यावा म्हणून गोल भोक ठेवतात, ते साणं. फोटोत त्यावर गंजका पत्रा होता, पत्र्यावर अर्धगोल काळा दगड, आणि दगडाच्या सरळ बाजूला मधोमध अर्ध्या भोकाची खाच.

"कागद माझ्याजवळ राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि परवापर्यंत चौथा भाग टाकायचा नाही."

बाहेर जीपमध्ये बसताना दैवशाला म्हणाली, "कुलपाचं तर त्याचं बराबर हाय बाई. तेच मला बी सुटत न्हाई."

४

निवृत्त होताना सत्यशीलाबाईंनी शाळेतून एकच वस्तू घरी आणली होती, पत्र्याची ट्रंक. तिच्यात वर्षावर्षाच्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या होत्या. शाळा त्या रद्दीत देणार होती, बाईंना ते पाहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आत, त्यांनी प्रियदर्शनीची वही काढली.

पोरीचा हात चांगला होता. बैल, शाळेचा झेंडा, आजी. शेवटच्या पानावर मोठा गोल काढलेला, आणि गोलाच्या आत एक मांजर आणि तीन पिल्लं. खाली वळणदार अक्षरांत लिहिलेलं, 'मांजर व पिल्ले'. बाजूला बाईंचा लाल शेरा, 'छान!' तारीख चौदा नोव्हेंबर. म्हणजे त्या शनिवारच्या आधी तीनच दिवस.

तेव्हा बाईंना वाटलं होतं, पोरीनं टोपली काढली असेल. पण टोपली असती तर तिला वीण असती, काठ असता. गोलाच्या बाहेरचा सगळा भाग तिनं तपकिरी रंगानं भरून टाकला होता, मातीसारखा. आतला भाग कोरा पांढरा. आणि मांजरं कशी काढली होती? बाजूनं नव्हे. पाठी वर, डोकी छोटी, शेपट्या लांब पसरलेल्या. वरून पाहिल्यासारखी.

मातीतलं गोल भोक. भोकात पांढरं. पांढऱ्यात मांजरं.

बाईंनी लगेच दैवशालाला फोन लावला. "त्या वर्षी तुमच्या घरी मांजर व्यायली होती का गं?"

"व्हय की. कापसाच्या खोलीतच. आम्हाला नंतर कळलं, कापूस उपसला तवा पिल्लं निघाली."

"नंतर? आधी कुणालाच माहीत नव्हतं?"

"कसं कळणार? खोलीला तर कुलूप."

"तुझ्या लेकीला माहीत होतं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "कुलूप असून तिनं पिल्लं पाहिली होती. वरून."

मग दैवशाला हलकेच म्हणाली, "पण बाई, साण्यावर तर दगड व्हता."

५

लेहाखेडीला रामकिसन दारातच बाजेवर बसला होता. बाईंना पाहून उठायला गेला, त्यांनी हातानं थांबवलं. सात वर्षांत माणूस अर्धा झाला होता. चतुराबाईंनी चहा ठेवला, पण बोलल्या काहीच नाहीत.

बाईंनी एकाएकाला वेगळं घेतलं. आधी म्हातारा.

"आबा, त्या आठवड्यात कापूस खोलीत कसा भरत होता?"

"वरून. दार उघडून भरला की सगळा दारातच साठतो. साण्यातून ओतला की भरते खोली. मधी ढीग व्हतो, भिंतीकडं पोकळ राह्यते, ती मंग आपोआप भरते."

"शनिवारी भरला?"

"सकाळी भरला. पप्पू वर, मी खालून गाठोडी देत व्हतो."

"आणि साणं झाकलं कुणी?"

"पप्पूनं. दुसरं कोण? मी तर जिना चढत बी न्हाई, गुडघ्यानं."

पप्पू गोठ्यात होता. चाळिशीच्या आतलाच, पण केस पांढरे. बाईंनी तोच प्रश्न विचारला.

"आबानं झाकलं," पप्पू म्हणाला. "मला जाफराबादला जायचं व्हतं, जल्दी उतरलो. आबाला म्हणलं, झाकून घ्या. आलो तर झाकलेलंच व्हतं."

"तू स्वतः नाही झाकलंस?"

"न्हाई. पोलिसांना सांगितलं की, झाकलेलं व्हतं म्हणून."

"'झाकलेलं होतं' आणि 'मी झाकलं' यात फरक आहे पप्पू."

त्यानं हातातलं घमेलं खाली ठेवलं. बाई त्याला घेऊन ओसरीत आल्या आणि बापासमोर उभं केलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सात वर्षं एकाच घरात, एकाच ताटाला ताट लावून जेवले होते, पण त्या दिवसाबद्दल एकमेकांना एक शब्द विचारला नव्हता. विचारलं तर दुसऱ्याला लागेल, या भीतीनं. बापाला वाटत होतं लेकानं झाकलं, लेकाला वाटत होतं बापानं झाकलं.

"मंग झाकलं कुणी?" चतुराबाई पहिल्यांदाच बोलल्या.

सत्यशीलाबाई दगडी जिन्यानं वर गेल्या. पप्पू मागोमाग आला, पण शेवटच्या पायरीवरच थबकला. त्या दिवसानंतर कुणी वर पाय ठेवला नव्हता. पोलीस गेल्यावर गवंड्यानं साणं विटांनी बुजवलं, तेवढंच. त्याच्या कडेची लाकडी चौकट अजून होती. बाईंनी वाकून बोट फिरवलं. धारदार कोपरा. पिल्लं पाहायला सात वर्षांचं लेकरू डोकं आत घालून वाकलं आणि तोल गेला, तर कपाळ नेमकं तिथंच आदळणार, आणि ते ढिगावरून भिंतीकडच्या पोकळीत घसरून वरून कापूस ढासळणार.

चौकटीशेजारी तो दगड पडलेला होता. फोटोतला. अर्धं जातं.

"हे जातं तुमचं?"

पप्पूनं वाकून पाहिलं. "आमचं जातं तर कवाचंच गेलं. हे कुठून आलं?"

बाईंनी मान वर केली. गुडघाभर भिंतीपलीकडं शेजारचं माळवद होतं. तिथं जुन्या लुगड्यावर लाल मिरच्या वाळत होत्या. लुगडं वाऱ्यानं उडू नये म्हणून तीन कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या.

चौथ्या कोपऱ्यावर अर्धं जातं होतं.

६

ते घर केशरबाईचं. रामकिसनच्या चुलत भावाची बायको, चतुराबाईंची जाऊ. पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडायचं यावरून दोन घरांत भांडण लागलं होतं, त्याला आता सतरा वर्षं झाली. तेव्हापासून जाऊ जावेशी बोललेली नव्हती. पोरगी सापडली त्या दिवशी सगळं गाव या दारात होतं, एक केशरबाई सोडून. गावातल्या काहींना तिचाच संशय आला होता. पण खोलीला कुलूप, मग ती काय करणार?

पप्पूच्या हाताची मूठ वळली होती. "बाई, हिनंच ढकललं का?"

"थांब. आणि घरीच थांब, माझ्यामागं येऊ नको."

सत्यशीलाबाई एकट्याच केशरबाईच्या घरी गेल्या. म्हातारी लसूण सोलत होती. बाईंनी कडेवर धरून आणलेलं अर्धं जातं तिच्यासमोर ठेवलं. काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "केशरबाई, त्या शनिवारी दुपारनंतर भुरभुर पाऊस आला होता. अवकाळी. मी घरच्या रोजनिशीत लिहिलंय, साडेचारला आला म्हणून."

केशरबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"तुम्ही मिरच्या गोळा करायला वर गेलात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तेव्हा यांचं साणं उघडं दिसलं. पत्रा बाजूला पडलेला. खाली भरलेला कापूस. बरोबर?"

"भिजला असता," केशरबाई म्हणाली. आणि मग जे सात वर्षं आत दाबून ठेवलं होतं, ते बाहेर आलं. "सगळा कापूस भिजला असता वं बाई. घरात कुणी दिसंना. बोलत न्हाई म्हणून काय माणसाचा माल पाण्यात जाऊ द्यायचा? मी भिंत वलांडली. पत्रा वढला. उडू नये म्हणून माझ्याकडचं अर्धं जातं आणून ठेवलं. आत कोण हाय, मला काय माहीत? मी आत डोकावले बी न्हाई. सोमवारी पोरगी कापसात निघाली, तवा मला कळलं. मीच कोंडून मारलं तिला. तिनं हाका मारल्या असतील. वर दगड ठेवून मी मिरच्या निवडत बसले व्हते."

ती पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागली. गेल्या सतरा वर्षांत तिनं या शेजारासाठी एकच चांगलं काम केलं होतं, आणि तेच तिला कुणाला सांगता आलं नव्हतं.

सत्यशीलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण त्यांचं मन अजून मोकळं नव्हतं. एक गोष्ट उरली होती, आणि सगळं तिच्यावर होतं. ओट्यावर येऊन त्यांनी जालन्याला मुलाला फोन लावला. नागसेन तिथं सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता, अहवालाचे फोटो त्याला सकाळीच पाठवले होते.

"आई, पाहिलं मी," नागसेन म्हणाला. "पोटातलं जेवण जवळजवळ तसंच होतं. जेवली किती वाजता?"

"साडेअकराला. आईनं स्वतः वाढलं."

"मग एकच्या आत गेली ती. तोंड खाली, नाकातोंडात कापूस. असं डोकं खाली करून पडलं की मिनिटांचाच खेळ असतो. आणि कपाळाच्या मारानं शुद्धही हरपली असणार. हाक मारायला वेळच नव्हता."

"म्हणजे साडेचारला शेजारणीनं वरून साणं झाकलं, तेव्हा..."

"साडेचारला कुणी काहीही झाकलं असतं, तरी फरक पडला नसता. तीन-साडेतीन तास आधीच संपलं होतं सगळं."

बाईंनी आत येऊन फोन केशरबाईच्या कानाला लावला. "नागसेन, हेच पुन्हा सांग. हळू सांग."

७

पोलीस ठाण्यात केशरबाईचा जबाब झाला. अधिकारी तरुण होता, तो स्वतः लेहाखेडीला आला, दोन्ही दगड एकमेकांना लावून पाहिले. खाच खाचेला बसली. विटा काढून साण्याचं माप घेतलं, लाकडी चौकट उतरवून नेली. जाताना म्हणाला, "अपघात म्हणून अहवाल पाठवतो. कोर्टाचा कागद यायला वेळ लागेल, पण माझ्या मनात आता शंका नाही."

ग्रामसभा मात्र कोर्टाच्या कागदासाठी थांबणार नव्हती. गुरुवारी धावड्याच्या पंचायतीपुढं शंभरेक माणसं जमली. दैवशाला बायकांच्या मागं, भिंतीला टेकून उभी. सत्यशीलाबाईंनी केशरबाईला सांगितलं होतं, तुम्ही यायलाच हवं असं नाही, मी सांगते. अकरा वाजले, साडेअकरा झाले. हरकत घेणारे उठून बोलू लागले. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

जीपमधून आधी चतुराबाई उतरल्या आणि मग त्यांनी हात धरून केशरबाईला उतरवलं. आदल्या दिवशी जबाब देऊन आल्यावर काय झालं, कोण आधी भिंतीशी आलं, कोण काय बोललं, ते त्या दोघींनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

केशरबाई सभेसमोर उभी राहिली. "साण्यावर दगड मी ठेवला. पाऊस व्हता म्हणून. पोर आधीच गेल्ती, डॉक्टरनं सांगितलं. हिनं काही केलं न्हाई. घरातल्या कुणीच काही केलं न्हाई. सात वर्षं मी भ्याले अन् हिनं भोगलं." आणि दैवशालाकडं वळून हात जोडले. दैवशाला पुढं आली, तिनं ते जोडलेले हात धरून खाली केले.

गर्दीच्या कडेला बबलू मोबाईल धरून उभा होता. सत्यशीलाबाईंना वाटलं, आता हाही तमाशा होणार. पण त्यानं मोबाईल खिशात घातला आणि पुढं आला. "माझे तिन्ही व्हिडिओ मी काढून टाकतो. पण नुसतं काढून भागणार नाही, लोकांनी ते पाहिलेत. म्हणून त्याच जागी एक टाकतो. बाईंनी मला विचारला होता तोच प्रश्न मी सगळ्यांना विचारीन, की तुम्ही कॅलेंडर पाहिलं होतं का?" कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले आणि सभेतला ताण ढिला झाला.

हरकत घेणाऱ्यांतला एकजण, ज्याची नात त्याच अंगणवाडीत होती, उठून म्हणाला, "माझी हरकत मी मागं घेतो. सोमवारपासून खिचडी करा बाई." हात वर झाले. विरोधात एकही नव्हता.

संध्याकाळच्या आत दैवशाला माहेरच्या अंगणात चूल सारवत होती. सत्यशीलाबाई चहा पिऊन निघणारच होत्या. फाटकाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पप्पू. हातात काही नव्हतं, खाऊ नाही, पिशवी नाही. दिवसभर बहुतेक त्याच रस्त्यावर फेऱ्या मारल्या असाव्यात, चप्पल धुळीनं पांढरी झाली होती.

"मी पुढं यायला पायजे व्हतं," तो म्हणाला. "सात वर्षं आधी."

दैवशालानं सारवण्याचा हात थांबवला. मग म्हणाली, "मी बी विचारायला पायजे व्हतं. ते सगळं बोलू आपण, आज न्हाई तर उद्या. आधी तिला तुमचं नाव सांगा."

कावेरी दाराच्या आडून पाहत होती. पप्पू उकिडवा बसला, तिच्या उंचीला आला.

"मी पप्पू."

पोरीनं मान हलवली. "न्हाई. माझ्या बापाचं नाव प्रल्हाद हाय. शाळेत तसंच लिवलंय."

पप्पूला हसू आलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीही आलं. "तो बी मीच," तो म्हणाला.

कावेरीनं आईकडं पाहिलं. आईनं मान डोलावली. तेव्हा ती दाराआडून बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, शाळेत सांगतात तसं मोठ्यानं सांगितलं.